मान्य कोणी म्हणायचं

"सर, ह्यातलं तुमचं काय?" तृप्तीनं विचारलं, आणि कल्याणच्या हातातला कप बशीवर असा काही वाजला की पलीकडच्या टेबलावरच्या कारकुनानं मान वर केली. विचारण्यात खोच नव्हती, हीच तर पंचाईत. खोच असती तर कल्याणनं ती सवयीनं परतवली असती; जालन्यात धंदा करणाऱ्याला टोमण्याचं काय अप्रूप! पण ही पोरगी अगदी साधेपणानं विचारत होती, भाजीत काय काय घातलंय असं पाहुणीनं विचारावं तसं. कारखाना वजनकाट्यांचा. अख्खी भरली गाडी वर चढवून तोलायचे ते मोठे काटे इथं बनायचे, आणि इथून पुढं विकल्या जाणाऱ्या प्रत्येक काट्यासोबत कल्याणचा प्रोग्राम जायचा, असं वरच्या साहेबांनी ठरवून टाकलं होतं. प्रोग्रामचं नाव 'कल्याण काटा'. गाडी आली, वजन घेतलं, पावती निघाली. आता फक्त कारखान्याची कायद्याची कामं पाहणाऱ्या तृप्तीची सही राहिली होती, आणि तिनं कल्याणचा पेनड्राइव्ह लावून आतला सगळा पसारा पडद्यावर मांडला होता. "ही वरची बारकी फाइल माझी," कल्याण म्हणाला. "आणि खालचं एवढं सगळं?" "ते रनटाइम आहे, ताई. म्हणजे कसं, माझा प्रोग्राम त्याच्यावर चालतो. ते नसलं तर माझं उठतच नाही." "मग ते कोणाचं आहे?" "एका परदेशी कंपनीचं. फुकट असतं ते." तृप्तीनं चष्मा वर सरकवला. "फुकट मिळणं वेगळं, सर, आणि आपल्या मालासोबत वाटायची परवानगी असणं वेगळं. शिवाय ते बसवताना एक करार येतो ना समोर? तो गिऱ्हाईक स्वतः मान्य करतं ना?" कल्याणनं होकारार्थी मान हलवली. नुसती हलवली नाही, चांगली तीन-चारदा हलवली. खरं बोलणाऱ्या माणसाला इतकी मान हलवावी लागत नाही, हे त्याचं त्यालाच तिथं बसल्या बसल्या कळलं.

मग तृप्तीनं जे सांगितलं ते तिच्या मते सोपं होतं. एखाद्या चालू काट्यावर जायचं, तिच्यासमोर सगळं नव्यानं बसवायचं, मालकानं स्वतः करार समजून घेऊन मान्य म्हणायचं, की तिची सही झालीच. "वाटूरला जाऊ," ती म्हणाली. "तुमच्या पत्रकावर त्याच काट्याचा फोटो आहे. ते पागोटेवाले काका किती छान दिसतात!" कल्याण स्कूटर घेऊन कारखान्याच्या फाटकाबाहेर पडला तो या एका वाक्यानं पार भुईसपाट होऊन. अख्ख्या जिल्ह्यात काटे काय कमी होते? सळईच्या कारखान्यांचे होते, जिनिंगचे होते, धान्याच्या मोंढ्याच्या तोंडाशी होते. कुठल्याही काट्यावर 'दाबा हो' म्हटलं असतं तर मालकानं तंबाखू मळता मळता कोपरानं दाबलं असतं. पण वाटूरचे तातेराव! या पृथ्वीच्या पाठीवर 'मान्य' हा शब्द न उच्चारणारा एकच माणूस कल्याणला ठाऊक होता, आणि हौसेनं रंगीत पत्रकावर त्याचाच फोटो छापून आणला होता. याला म्हणतात आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा. तातेरावांचं तसं होण्याला कारण घडलं होतं. फार पूर्वी गावच्या सभेत त्यांना बसल्या बसल्या डुलकी लागली; कोणीतरी मोठ्यानं "मान्य?" म्हणालं, हे दचकून "मान्य, मान्य" म्हणाले, आणि डोळे उघडून पाहतात तर गळ्यात हार आणि आपण तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. त्यानंतर कैक वर्षं लोकांचे बांध, लोकांच्या कोंबड्या, लोकांच्या सुना यांचे तंटे मिटवता मिटवता त्यांचे स्वतःचेच दोन भावांशी तंटे लागले. तेव्हापासून तो शब्द बंद. पोरीची सोयरीक जमली, सगळा मांडव तोंडाकडे बघत राहिला, तरी हे म्हणाले, "बरं हाय." त्यापुढं नाही.

स्कूटर जुन्या जालन्याच्या गल्ल्यांत शिरली, तसं कल्याणला त्या दिवसाचं सगळं आठवत गेलं, धान्याच्या दुकानांतून उडणाऱ्या धुळीसकट. त्याचा पहिला काटा, पहिलं गिऱ्हाईक. वाटूरच्या त्या पत्र्याच्या केबिनमध्ये त्यानं रनटाइम बसवायला घेतलं आणि पडद्यावर ती खिडकी उघडली. इंग्रजीत भला मोठा मजकूर आणि खाली दोन बटणं, मान्य आहे, मान्य नाही. तातेरावांनी विचारलं, "काय म्हणून राह्यलं हे?" कल्याण म्हणाला, "काही नाही काका, मान्य आहे का विचारतंय." बस. म्हाताऱ्यानं पुढं होऊन 'नाही' दाबलं. सगळं बंद पडलं. कल्याणनं पुन्हा सुरू केलं, यांनी पुन्हा 'नाही' दाबलं. बाहेर उन्हात गाड्यांची रांग आणि आत हा खेळ. शेवटी कल्याण घरी परतला, विचार केला, आणि आपल्या प्रोग्रामच्या डोक्यावर एक ओळ लिहिली. त्या ओळीचा अर्थ एवढाच, की बाबा रनटाइमा, मुकाट्यानं बस, खिडकी दाखवू नको, आणि आतल्या आत कोणी विचारलंच तर 'हो' म्हण. दुसऱ्या दिवशी वाटूरला सगळं बिनबोभाट बसलं. "तातेराव," तो म्हणाला, "ती खिडकी काढली. जिंदगीत पुन्हा दिसणार न्हाई. माझा शब्द." तातेरावांनी त्याला दुपारी जेवू घातलं. आणि ती ओळ मग तिथंच राहिली. पुढच्या काट्यावर गेली, त्याच्या पुढच्या काट्यावर गेली, जिल्हाभर गेली. आजवर कोणत्याही गिऱ्हाइकानं काहीही मान्य केलेलं नव्हतं. सगळ्यांच्या वतीनं कल्याणच आतून 'हो' म्हणत आला होता. इथं गल्लीत, कापडाच्या दुकानापाशी, एक टेम्पो आडवा लागला होता. हॉर्न वाजत होते. आणि कल्याणच्या मनात आलं की ती ओळ आपण रनटाइमसाठी लिहिली असं आपल्याला उगाच वाटतं. ती आपल्याला कोणीतरी जन्मतःच लिहून दिलेली आहे. विचारलंच तर 'हो' म्हण. अकरावीला सायन्स घ्यायचं का? हो. मुलगी पसंत आहे का? हो. (ते बरंच झालं म्हणा.) आणि परवा अण्णासाहेबांनी विचारलं, तेव्हासुद्धा तोंडून निघायचं ते निघालंच होतं.

अण्णासाहेब म्हणजे कल्याणचे मेव्हणे, बायकोचे, दैवशालाचे थोरले बंधू. त्यांचं टाइल्सचं मोठं दुकान. माणूस दिलदार, पण दिलदारीचा आवाज फार मोठा. "दाजी," ते चारचौघांत म्हणाले, "आता ते कॉम्प्युटरचं सोडा. पोरं फोनवर सगळं करून राह्यलीत. आपल्या दुकानात बसा. पंख्याखाली बसायचं, गिऱ्हाइकाला सांगायचं, ही बाथरूमची, ही किचनची. काय अवघड?" आणि कल्याण म्हणाला होता, हो, बघू, कारखान्याचं नाही जमलं तर येतो. तेव्हापासून टाइल त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. पांढरी, गुळगुळीत, वर फिकट निळं फूल. ही बाथरूमची, ही किचनची. वयाच्या पन्नाशीला टेकलेला माणूस, स्वतःच्या नावाचा प्रोग्राम जिल्हाभर चालतो असं सासुरवाडीत छाती काढून सांगितलेला माणूस, मेव्हण्याच्या पंख्याखाली बसून फुलं दाखवणार. कारखान्याचं काम मिळालं तर 'कल्याण काटा' जगणार होता, नाही तर फुलं. मधलं काही नव्हतं.

जिन्यावरून तो आपल्या ऑफिसात गेला. ऑफिस म्हणजे कापडाच्या दुकानाच्या माथ्यावरची खोली, खालून मीटर मीटर कापड फाटल्याचा आवाज यायचा. संध्याकाळ उतरत होती. खुर्चीत बसून त्यानं तो करार उघडला, आयुष्यात पहिल्यांदा. आपण आजवर जे जे वाटत आलो त्याची मूळ अट काय होती, हे वाचताना त्याला अंगावरचे कपडे दुसऱ्याचे निघाल्यासारखं झालं. अट सोपी होती हो! हेच तर जास्त लागलं. लिहिलं होतं, आमचं हे तुमच्या मालासोबत खुशाल द्या, पैसे नकोत. फक्त अख्खं द्या, बदलू नका, आमचं नाव पुसू नका, आणि ज्याला द्याल त्याला आमची खिडकी दाखवा, त्याचं त्याला 'मान्य' म्हणू द्या. झालं. एवढंच मागत होते बिचारे. आणि कल्याणनं नेमकं तेवढंच दिलं नव्हतं. आता काय होणार? त्याला दिसू लागलं. परदेशी कंपनीचा गोरा साहेब जालन्याच्या स्टेशनावर उतरतो. रिक्षावाला त्याच्याकडून दुप्पट भाडं घेतो, त्यामुळं तो आधीच चिडलेला. तो जिना चढून येतो, खाली कापड फाटत असतं, आणि तो कल्याणला विचारतो, तेच, साधेपणानं, ह्यातलं तुमचं काय? गाडीचं वजन करताना आधी भरली गाडी तोलतात, मग रिकामी, आणि वजा जाता उरतो तो माल. कल्याणनं स्वतःला तसं तोलून पाहिलं. रनटाइम वजा केला. अण्णासाहेबांनी घेऊन दिलेला कॉम्प्युटर वजा केला. खालच्या दुकानदारानं भाड्यात दिलेली सवलत वजा केली. काट्यावर जे उरलं ते पाहून त्याला हसूच आलं. तशातच त्याला बाप आठवला. का आठवावा? बापाला जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि बापाचा कॉम्प्युटरशी संबंध आला तो एकदा रेशन कार्ड काढताना.

बाप, रामराव, बैलांचा दलाल होता. टेंभुर्णीच्या अंगाला भरणाऱ्या बैलबाजारांतून जन्मभर दुसऱ्यांचे बैल विकले. स्वतःच्या दावणीला एक म्हैस, तीही भाकड. सौदा तोंडानं व्हायचा नाही. विकणारा आणि घेणारा हातात हात घ्यायचे, वरून उपरणं टाकायचे, आणि त्या उपरण्याखाली बोटं धरून, सोडून, दाबून भाव ठरायचा. तोंडानं मात्र चालू असायचं, यंदा तूर बरी दिसून राह्यली. भोवतीच्या बघ्यांना ओ की ठो कळायचं नाही. आणि बापाची एक रीत. बैलाच्या पाठीवर थाप मारायच्या आधी, गिऱ्हाइकानं दात बघायच्या आधी, मोठ्यानं सांगून टाकायचं, "बैल माझा न्हाई, बोली माझी. धनी अमका, गाव अमकं." कल्याणला कॉलेजात गेल्यापासून या सगळ्याची लाज वाटायची. दलाल हा काय शब्द आहे? वडील काय करतात, असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, शेती. शेती होती म्हणा, घराच्या मागं, मेथी यायची तिच्यात. तातेरावांनीसुद्धा विचारलं होतं पहिल्याच दिवशी, कोणाचा रे तू. कल्याण म्हणाला होता, टेंभुर्णीचे, शेतकरी आहोत. आता खुर्चीत बसल्या बसल्या त्याच्या ध्यानात आलं, की ज्या माणसाची लाज वाटून आपण त्याचं नाव गिळलं, तो धन्याचं नाव कधी गिळत नव्हता. काय उलटा न्याय बघा.

घरी दैवशालानं पान वाढलं, तेव्हा वाटीत दही होतं. ते कल्याण बघतच राहिला. "हे विरजण कोणाचं?" दैवशाला म्हणाली, "अकबरबीकडून आणलं. आपलं आंबट होऊन राह्यलं व्हतं." अकबरबी म्हणजे शेजारीण, भिंतीला भिंत. "मंग दही कोणाचं?" "काय विचारता हो? दही आपलं." "अन् न सांगता आणलं असतं तर?" दैवशालानं पोळी तव्यावरच ठेवली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. कारखान्यात काहीतरी बिनसलं आहे, हे तिनं दह्यावरून ओळखलं. "न सांगता कशाला आणू? ती न्हाई म्हणते का कधी? फकत म्हणते, भाभी, वाटी वापस करताना रिकामी नका देऊ." त्यानं निमूटपणे दही खाल्लं. चांगलं लागलं होतं.

वाटूरला जायच्या दिवशी कारखान्याची गाडी आली. तृप्ती मागं लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली, कल्याण पुढं, मांडीवर पेनड्राइव्ह. त्याच्यातली ती ओळ त्यानं पुसली होती. पुसताना इतक्या वर्षांचा गडी कामावरून काढावा तसं वाटलं. रस्त्याच्या कडेनं कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, ट्रॉलीवर जाळी ताणलेली, तरी वाऱ्यावर कापूस सुटून बाभळींना लागलेला. तृप्ती आनंदात होती. "सर, तुम्ही गप्प का?" "मी? न्हाई, काही न्हाई." मनातल्या मनात तो तातेरावांना समजावत होता, आणि मनातल्या मनातसुद्धा ते ऐकत नव्हते. फाट्यावरून वळून गाडी काट्याशी थांबली. कापसाचे, सोयाबीनचे ट्रॅक्टर रांगेत होते. तातेराव केबिनच्या दारातच उभे, पांढरंफेक धोतर, पागोटं, खांद्यावर उपरणं. "ये रे कल्याण! या बाई. पत्रकातून तुमाला दिसलो म्हणं मी?" आणि चहा यायच्या आत त्यांनी कल्याणचा निकाल लावायला घेतला. तोही मायेनं! "बाई, ह्या पोरावानी माणूस मिळायचा न्हाई. ऐका. पयल्यांदा आल्ता तवा कॉम्प्युटरमदी एक खिडकी निघायची. मान्य हाय का, मान्य हाय का. म्या म्हणालो, बिलकुल न्हाई. दुसरा असता तर म्हातारं खुळं म्हणून निघून गेला असता. ह्यानं काय करावं? माझ्यासाठी खिडकीच काढून टाकली! एकट्या माझीच न्हाई, साऱ्या जिल्ह्याची! माझ्या सोयऱ्याचा परतूरला काटा हाय, तिथंबी खिडकी न्हाई. माणूस असावा तर असा." त्यांनी कल्याणच्या पाठीवर थाप मारली. कल्याणला वाटलं, फरशी दुभंगावी आणि आपण आत जावं. पण खाली फरशीही साधी शहाबादी होती, तिच्यावर फूलसुद्धा नव्हतं. तृप्तीचा पेन कागदावर थांबला होता. "साऱ्या जिल्ह्याची?" तिनं कल्याणकडे बघत विचारलं. "व्हय तर!" तातेराव अभिमानानं म्हणाले.

"ताई," कल्याण म्हणाला, आणि त्यानं सरळ पेनड्राइव्ह लावला. कॉम्प्युटर घुरघुरला. आणि पडद्यावर ती खिडकी उघडली, भली मोठी, इंग्रजी, दोन बटणांची. तातेरावांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं, आणि हळूच सरळ झाले. "पुन्ना आणलीस व्हय रे ही?" आवाज बारीक झाला होता. "तू शबूद दिल्ता." तृप्ती मधेच म्हणाली, "काका, मान्य नसेल तर नाही म्हणा. तो तुमचा हक्क आहे." कल्याणला तिचं तोंड धरावंसं वाटलं. हक्क कसला सांगते गं बाई, त्यांना तेवढाच एक हक्क आवडतो! बाहेर ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवू लागला. ही बाथरूमची, ही किचनची. "काका," कल्याण म्हणाला, "शब्द दिल्ता, खरं हाय. पण तो शब्द माझा द्यायचा नव्हताच. खिडकी माझी न्हाई." "मंग कोणाची?" "सांगतो. आधी ऐकून घ्या, तिच्यात काय लिहिलंय ते. मंग न्हाई म्हणा." तातेराव खुर्चीवर बसले, मांडी घातली, उपरणं सारखं केलं. "वाच," ते म्हणाले. "पण सगळं. गाळलंस तर मला कळतं. अध्यक्ष व्हतो मी."

कल्याण वाचू लागला. इंग्रजी वाचायचं आणि तिथल्या तिथं मराठी करून सांगायचं. दारात ट्रॅक्टरवाले गोळा झाले. पोथी लागल्यासारखं वातावरण झालं. "हे सॉफ्टवेअर आमच्या मालकीचं आहे, तुम्हाला फक्त वापरायला दिलं आहे." "बटाईनं म्हण की," तातेराव म्हणाले, "पुढं." "हे उघडून, उलटं करून आत काय आहे ते बघायचं न्हाई." "बैलाच्या पोटात कोण बघतंय? पुढं." "ह्याच्यावर अणुभट्टी चालवायची न्हाई, विमान चालवायचं न्हाई." इथं तातेराव थांबले. बराच वेळ विचार करून त्यांनी दाराकडे पाहिलं. "का रे, वाटूरला इमान उतरायचं काही चाललंय का? न्हाई तर उगा आता कबूल करायचं अन् मंग पंचाईत." एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "आधी फाट्यावरले खड्डे बुजू द्या काका." "मंग ठीक. पुढं." आणि एक गंमत होत होती, वाचता वाचता ती खिडकी लहान होत चालली होती. इतकी वर्षं तिला घाबरून लपवली ती ही? हिच्यात तर सगळं बाजारातलंच बोलणं होतं. "जसं आहे तसं देत आहोत," त्यानं वाचलं. "कसलीही हमी न्हाई. नंतर काही झालं तर आम्हाला बोलायचं न्हाई." तातेराव ताडकन ताठ झाले. डोळे चमकले. "आरं, हे तर बैलबाजारातलं हाय! दात बघा, खूर बघा, चालवून बघा. दावं सुटलं की आमची जबाबदारी सुटली. मंग सरळ असं सांग की! आता एवढं सांग, ह्याचा धनी कोण?"

आणि कल्याणच्या तोंडून जे बाहेर पडलं ते त्यानं ठरवलेलं नव्हतं. आवाजसुद्धा त्याचा नव्हता; मोठा, सपाट, चार दावणींपलीकडं जाणारा. "बैल माझा न्हाई," तो म्हणाला, "बोली माझी. धनी दूरदेशी हाय, त्याचं नाव हे वर लिहिलंय. अख्खा देतो, बदलत न्हाई." तातेराव त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होते, दात बघावेत तसं. "हे बोलणं कुठं शिकलास?" "बापाकडून." "बाप तर शेतकरी म्हणाल्तास." "दलाल होता," कल्याण म्हणाला. "रामराव. टेंभुर्णीचा." "रामराव दलालाचा तू?" म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. "आरं गाढवा! माझी पयली जोडी त्यानं दिल्ती. एक बैल जरा मारका हाय, हे म्या न इचारता सांगितलं त्यानं. अन् तू इतकी वर्षं माझ्या घरी जेवून राह्यलास अन् बापाचं नाव सांगितलं न्हाईस?" कल्याणच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. कामाचं काय होईल ते होवो, त्याला वाटलं. बापाची वाटी रिकामी तर परत गेली नाही.

तातेरावांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. झटकलं. टेबलावर माउस होता, त्याच्यावर कल्याणचा हात सवयीनं गेलेलाच होता. म्हाताऱ्यानं त्या हातावर आपला हात ठेवला आणि वरून उपरणं टाकलं. "यंदा कापूस हलकाच दिसून राह्यला," तातेराव दाराकडे बघत म्हणाले. "हलकाच," ट्रॅक्टरवाल्यांनी साथ दिली. तृप्ती उठून उभी राहिली. "हे काय चाललंय, सर?" तिला कोण सांगणार? उपरण्याखाली अंधार, ऊब, आणि बोटं. म्हाताऱ्याचं खरबरीत बोट कल्याणच्या बोटापाशी येऊन थांबलं, आणि थांबलंच. कल्याणला कळलं, आता गप्प राहायचं आहे. ज्या बोटानं जिल्हाभराच्या वतीनं 'हो' म्हटलं, त्याला आता जागच्या जागी धरून ठेवायचं आहे. केवढं अवघड काम ते! बोट आपोआप खाली जायला बघत होतं. खिशातला फोन थरथरू लागला. अण्णासाहेबच असणार, दुकानात कधी बसता विचारायला. हात मोकळा नव्हता, फोन थरथरून थरथरून दमला. बाहेर हॉर्न वाजला. कल्याणनं आपलं बोट माउसवरून उचललं, अगदी स्वच्छ उचललं, आणि हवेत धरून ठेवलं. "तूर बरी हाय म्हणत्यात," तातेराव म्हणाले. आणि टक् झालं.

पडद्यावरची खिडकी मिटली. आधी परदेशी धन्याचं नाव आलं, मग त्याच्याखाली 'कल्याण काटा'. उपरण्याखाली म्हाताऱ्यानं कल्याणचा अख्खा पंजा मुठीत घेऊन एकदा घट्ट दाबला आणि सोडला. असा पंजा बाप दाबायचा, सौदा पक्का झाला की. "पण दाबलं कोणी?" तृप्ती गोंधळून विचारत होती. "मला लिहावं लागतं हो काका. मान्य कोणी म्हटलं?" "बाई, उपरण्याखालचं बाजारात इचारत न्हाईत," तातेराव म्हणाले. "तुमी लिवा, बरं हाय." "असं नाही चालत. अन् बाकीच्या सगळ्या काट्यांवर जाऊन हेच करावं लागेल, सर, प्रत्येकाला वाचून दाखवून. तयारी आहे का? मग मी सही करते. पण आधी सांगा, आता दाबलं ते तुम्ही दाबलं का?"

कल्याणनं उपरण्याखालून हात काढला. बोट अजून तसंच वर होतं, आखडल्यासारखं. जिल्ह्यातले सगळे काटे त्याच्या डोळ्यांपुढं आले, प्रत्येक ठिकाणी ती पोथी, ती अणुभट्टी, ते विमान, आणि बाहेर खोळंबलेल्या गाड्या. तयारी आहे, म्हणून त्यानं मान हलवली, या वेळी एकदाच. आयुष्यभर कोणी काही विचारलं की त्याच्या तोंडून एकच शब्द निघत आला होता.

"मी न्हाई," कल्याण म्हणाला, आणि इतक्या आनंदानं म्हणाला की तृप्तीनं पुढं काही न विचारता सही केली.